वाटी रिकामी परत जात नाही

शेजारून विरजणाची किंवा साखरेची वाटी आली, तर ती रिकामी परत करायची नाही, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. घरात काही नसले तर निदान चिमूटभर साखर तरी वाटीत घालून ती परत जाते. चाळी गेल्या, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, विरजण लावण्याऐवजी दह्याचा डबाच आणला जाऊ लागला. तरी ही रीत अनेक घरांतून अजून टिकून आहे. गंमत अशी, की गेल्या पंचवीस वर्षांत संगणकाच्या दुनियेतल्या ज्या एका तंत्राने सिनेमा-संगीताच्या व्यापाऱ्यांची झोप उडवली, त्याचा मूळ नियमही नेमका हाच आहे. घेणाऱ्याने घेता घेता दिलेही पाहिजे. फरक एवढाच, की वाटीत काय घालून परत पाठवायचे हे घरात आई किंवा आजी ठरवते. संगणकात ते ठरवणारे बहुधा कोणीच नसते, कारण ते सॉफ्टवेअर बसवून देणारा भाचा सुटी संपवून केव्हाच आपल्या गावी गेलेला असतो.

या तंत्राला ‘पीअर-टु-पीअर’ असे नाव आहे. पीअर म्हणजे बरोबरीचा. एरवी इंटरनेटवरून आपण गाणे ऐकतो किंवा सिनेमा पाहतो, तेव्हा तो कुठल्या तरी कंपनीच्या मोठ्या संगणकावरून आपल्याकडे येतो; दुकानदार एक आणि गिऱ्हाइके लाखो, असा तो मामला असतो. बरोबरीच्यांच्या या व्यवहारात दुकानच नाही. माझ्याकडे जे आहे ते तुम्ही माझ्या संगणकावरून थेट घ्यायचे, तुमच्याकडचे मी घ्यायचे. ‘टोरंट’ हा शब्द घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या तोंडून आपण ऐकलेला असतो, तो याच कुळातला. तो ऐकला की ‘चोरीचे सिनेमे’ एवढेच आपल्या मनात येते. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि ती अपुरी असल्यामुळेच घरातली मोठी माणसे एकतर तिकडे काणाडोळा करतात, नाहीतर सरसकट बंदी घालतात. दोन्हींत नुकसान घराचेच होते.

थोडा इतिहास पाहिलेला बरा. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने ‘नॅपस्टर’ काढले. त्यात गाणी लोकांच्या घरच्या संगणकांवरच असत. मात्र कोणते गाणे कोणाकडे आहे याची यादी नॅपस्टरच्या स्वतःच्या संगणकांवर असे. तेच त्याचे दुखरे ठिकाण ठरले. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले. तोवर, मार्च २००० मध्ये, ‘नुटेला’ अवतरले होते. त्यात मध्यवर्ती यादीच नव्हती. शेजारी शेजाऱ्याला विचारी, तो त्याच्या शेजाऱ्याला. ज्या छोट्या कंपनीत ते जन्मले तिची मालकी अमेरिका ऑनलाइनकडे होती. मालकांनी ते ताबडतोब काढून टाकायला लावले, पण बाण सुटून गेला होता. पुढच्याच वर्षी ‘काझा’ आले. त्याचे जनक निक्लास झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांनीच २००३ मध्ये ‘स्काइप’ काढले, हे अनेकांना ठाऊक नसेल. परदेशी गेलेल्या नातवंडांना पाहण्यासाठी ज्या स्काइपपुढे आपल्याकडचे आजी-आजोबा रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बसत, ते सुरुवातीच्या काळात याच बदनाम तंत्रावर चालत होते. मे २०२५ मध्ये तेही बंद झाले.

आज घराघरांतून जे वापरले जाते ते मात्र ब्रॅम कोहेन याने २००१ मध्ये रचलेले ‘बिटटोरंट’. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. समजा, एक जाडजूड ग्रंथ वीस घरांना हवा आहे आणि मूळ प्रत एकाच्याच कपाटात आहे. एकेकाने नेऊन उतरवून घ्यायचा म्हटले तर शेवटच्या घराचा नंबर यायला वर्ष जाईल. बिटटोरंट काय करते, तर ग्रंथाची पाने सुटी करून प्रत्येक घराला वेगवेगळी पाने देते आणि सांगते, की उरलेली आता एकमेकांकडून उतरवून घ्या. ज्या पानाच्या प्रती सर्वांत कमी, ते पान आधी घ्यायचे, म्हणजे ते गहाळ होण्याची भीती कमी. प्रत्येक पानाचा एक ठसा आधीच नोंदवून ठेवलेला असतो. आलेले पान त्या ठशाशी जुळले नाही तर ते फेकून देऊन दुसरीकडून मागवायचे. आणि जो स्वतःकडची पाने इतरांना देतो, त्याला इतरही हात सैल सोडून देतात. अशा घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या जमावाला इंग्रजीत मधमाश्यांच्या मोहोळाचे नाव आहे. ज्याच्याकडे ग्रंथ पूर्ण आहे आणि जो आता नुसताच देतो आहे, तो ‘सीडर’, म्हणजे बी पेरणारा. जो घेतो आणि काम होताच पसार होतो, त्याला ‘लीच’, अर्थात जळू म्हणतात.

वाटीची रीत अशी सॉफ्टवेअरमध्येच बांधून टाकावी लागली, यामागे माणसाचा स्वभाव आहे. सन २००० मध्ये एटन अडार आणि बर्नार्डो ह्यूबरमन या दोघा संशोधकांनी नुटेलाच्या वापराची पाहणी केली. त्यांना आढळले, की जवळजवळ ७० टक्के लोक काहीच देत नव्हते, आणि शोधाला मिळणाऱ्या उत्तरांपैकी सुमारे निम्मी उत्तरे अवघ्या १ टक्का लोकांकडून येत होती. सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलेल्या कोणालाही हे आकडे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

इथवरची गोष्ट ऐकायला छान आहे. पण तिची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. न देणाऱ्यांची चर्चा पुष्कळ झाली. नकळत देऊन बसणाऱ्यांची झाली नाही.

काझा जोरात होते त्या काळात नेथॅनियल गुड आणि आरन क्रेकेलबर्ग यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी १२ जणांना काझापुढे बसवले आणि विचारले, या संगणकावरून आत्ता जगाला कोणकोणत्या फाइली खुल्या आहेत ते सांगा. बरोबर उत्तर फक्त दोघांना देता आले. २००३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. दोषाचे मूळ माणसांच्या अडाणीपणात नव्हते, सॉफ्टवेअरच्या मांडणीत होते. गाणी कुठे उतरवायची, असे विचारले की माणूस सोयीचा म्हणून एखादा मोठा फोल्डर दाखवून देई. आणि तो फोल्डर, त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांसह, त्या क्षणापासून देण्यासाठी खुला होई. याच दोघांनी नुसती नावे भुरळ घालतील अशा काही खोट्या फाइली मुद्दाम खुल्या ठेवून पाहिल्या. एकीच्या नावात क्रेडिट कार्डांचा उल्लेख होता. त्या अनोळखी लोकांनी उतरवून नेल्या. म्हणजे दार उघडे राहिले होते एवढेच नव्हे, तर त्या दारावरून चकरा मारणारेही होते.

पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जवळपास १०० संस्थांना पत्रे धाडून कळवले, की तुमच्या गिऱ्हाइकांची आणि नोकरांची खासगी माहिती अशा जाळ्यांवर मोकळी फिरते आहे. दुसऱ्याच वर्षी याच आयोगाने ‘फ्रॉस्टवायर’ बनवणाऱ्यांना वठणीवर आणले. त्यांचे मोबाइलवरचे ॲप बसवताच फोनमधली आधीपासूनची छायाचित्रे आणि चित्रफिती आपोआप वाटायला सुरुवात होईल, अशी त्याची मूळची मांडणी होती.

हे आपल्या घरात आणून पाहावे. मध्यमवर्गीय घरात संगणक किंवा लॅपटॉप बहुधा एकच, आणि तो सगळ्यांचा. त्यातल्या ‘डॉक्युमेंट्स’ नावाच्या फोल्डरात काय काय असते? सर्वांची आधार कार्डे आणि पॅन कार्डे, पासबुकाचे पहिले पान, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, आजोबांचे पेन्शनचे कागद, डॉक्टरांचे रिपोर्ट, आणि मुलीचे लग्न ठरवायचे असेल तर तिचा बायोडेटा: जन्मतारीख, जन्मवेळ, पगार, मामाचे गाव आणि दोन फोटो. लॉकरची किल्ली आपण पिठाच्या डब्यात लपवतो. आणि हे सारे मात्र ज्याच्या त्याच्या सोयीने कुठेही पडलेले असते.

आता न्यायाने सांगायचे तर बिटटोरंट या बाबतीत काझापेक्षा सभ्य आहे. ते तुमचा फोल्डर उघडा टाकत नाही. ज्या टोरंटांची यादी तुम्ही स्वतः त्यात घातली असेल, तेवढ्याच फाइली देते. पण धोका संपला असे नाही, त्याने जागा बदलली आहे. हल्ली घरच्या राउटरला हार्ड डिस्क जोडून ती साऱ्या घराला वापरता येते, बाहेरगावाहूनही उघडता येते. सोय उत्तम आहे. मात्र फेब्रुवारी २०१४ मध्ये असुस कंपनीच्या राउटरांमधल्या त्रुटींचा फायदा घेऊन १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या अशा डिस्कांमध्ये परक्यांनी प्रवेश मिळवला होता. त्या प्रकरणाचा निकाल लागून २०१६ मध्ये कंपनीला वीस वर्षे आपल्या सुरक्षाव्यवस्थेची नियमित तपासणी करून घेण्याचे बंधन स्वीकारावे लागले. त्या ग्राहकांपैकी अनेकांना आपण जगाला काही देतो आहोत याची कल्पनाही नसणार.

म्हणून ज्या घरात असले सॉफ्टवेअर आहे, तिथे एखाद्या रविवारी, जेवणे उरकल्यावर, अर्धा तास काढून घरातल्या दोघा-तिघांनी मिळून ते एकदा उघडून पाहावे. मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता. कारण एकदा ओरडा बसला की पुढचे सगळे दार लावून होते. सर्वप्रथम पाहायचे ते हे, की उतरवलेल्या वस्तू कुठे जातात. त्यांच्यासाठी एक वेगळा फोल्डर करावा, शक्य तर वेगळ्या डिस्कवर, आणि त्यात घरातले दुसरे काहीही ठेवू नये. स्वयंपाकघरात चपला घालून जायचे नाही हे जसे सांगावे लागत नाही, तसे हे व्हायला हवे.

मग येते बंद करण्याची गोष्ट. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली की खिडकी मिटते, सॉफ्टवेअर नव्हे. ते पडद्याच्या तळाशी घड्याळाजवळ एका बारीक चित्राच्या रूपाने जागे राहते आणि देण्याचे काम चालू ठेवते. शिवाय संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हायचे, अशी सवय अनेकदा त्याला लावलेली असते. मला विचाराल तर ही सवय मोडावी. ज्याला द्यायचे आहे त्याने मुद्दाम सुरू करून द्यावे.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि घरातली निम्मी भांडणे हिच्यामुळे होतात. संध्याकाळी मुलगी पुण्याहून किंवा परदेशाहून व्हिडिओवर बोलते आहे, तिचे तोंड हलते पण आवाज तुटतो, आणि सगळे इंटरनेट कंपनीला शिव्या घालतात. पुष्कळदा कंपनी निर्दोष असते. आतल्या खोलीतले टोरंट बाहेर जाणारा सगळा रस्ता अडवून बसलेले असते. येणारा रस्ता मोकळा असूनही येणारी गोष्टही मग रखडते, याचे कारण असे की आलेल्या प्रत्येक खेपेची पोच परत पाठवावी लागते आणि त्या पोचपावत्याच गर्दीत अडकतात. उपाय सोपा आहे. बाहेर जाण्याचा जेवढा वेग आपल्या जोडणीला असेल, त्याच्या सुमारे तीन-चतुर्थांशावर सॉफ्टवेअरला लगाम घालावा. इथे एक मेख आहे. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये आणि सॉफ्टवेअर मोजते किलोबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. ४० मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, आणि लगाम घालायचा तो पावणेचारवर, म्हणजे साधारण ३,७०० किलोबाइटवर. क्यूबिटटोरंटसारख्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये रात्री अकरानंतर आपोआप लगाम सैल करण्याचीही सोय आहे. महिन्याचा ठरावीक डेटा असेल, तर तो मोजताना दिलेलेही मोजतात की नाही हे एकदा विचारून घ्यावे.

राउटरविषयी थोडक्यात. त्यात ‘यूपीएनपी’ नावाची एक सोय असते. तिच्यामुळे घरातले कोणतेही सॉफ्टवेअर राउटरला सांगून बाहेरचे एक दार परस्पर उघडून घेऊ शकते. घरगड्याने मालकाला न विचारता मागचे दार उघडे ठेवावे तसे. ती बंद ठेवली तरी बिटटोरंट चालते, थोडे संथ चालेल. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता देतात, त्यामुळे दार उघडूनही उपयोग होत नाही, हा भाग वेगळा. राउटरचा आणि सॉफ्टवेअरचा मूळचा पासवर्ड मात्र आधी बदलावा. क्यूबिटटोरंट दुरून चालवण्यासाठी जो पासवर्ड मूळचा येई, तो २०२३ पर्यंत जगातल्या प्रत्येक प्रतीला एकच होता.

आणि सॉफ्टवेअर घ्यायचे ते त्याच्या मूळ ठिकाणाहूनच. शोधयादीत पहिले दिसले म्हणून नव्हे. तरीही पुरती खात्री देता येत नाही. मार्च २०१६ मध्ये ‘ट्रान्समिशन’ या प्रतिष्ठित सॉफ्टवेअरच्या खुद्द अधिकृत संकेतस्थळावरच कोणीतरी मॅक संगणकांसाठीच्या प्रतीत खंडणीखोर व्हायरस मिसळला होता. दिवस-दोन दिवसांत ते उघड झाले. नवी आवृत्ती आली की पहिल्या दिवशीच ती बसवण्याची घाई करू नये, हे अशा वेळी पटते.

आता अवघड जागेचे दुखणे: सिनेमे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या ६३ व्या कलमानुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी केले नसेल तर कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. २०१६ मध्ये बंदी घातलेल्या संकेतस्थळांवर ‘हे पान पाहणे हाच गुन्हा’ अशा अर्थाची पाटी झळकू लागली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसते पाहण्यात गुन्हा नाही. परवानगीवाचून प्रती वाटणे, जाहीरपणे दाखवणे, विकणे किंवा भाड्याने देणे यात आहे. अनेकांनी हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला. पण वाटीचा नियम इथे आडवा येतो. टोरंटवर सिनेमा पाहणारा नुसता पाहत नसतो. पहिली पाच मिनिटे त्याच्याकडे येतात न येतात, तोच तो ती इतरांना वाटू लागलेला असतो. आपल्या समजुतीने तो प्रेक्षक आहे. यंत्राच्या हिशेबात तो वितरक आहे.

हे पुस्तकी वाटत असेल तर जर्मनीत शिकायला गेलेल्या कोणत्याही मराठी मुलाला विचारावे. इथली सवय घेऊन तो तिकडे जातो, वसतिगृहात एखादा सिनेमा उतरवतो आणि काही आठवड्यांनी वकिलाचे पत्र येते: अमुक तारखेला, अमुक वाजता, तुमच्या पत्त्यावरून अमुक सिनेमा वाटला गेला, काहीशे युरो भरा. भरपाई आणि वकिलाची फी मिळून हा आकडा हजाराच्याही घरात जातो. हे कसे कळले, तर मोहोळात शिरलेल्या प्रत्येकाला इतर सगळ्यांचे इंटरनेटवरचे पत्ते दिसतात. हक्कदारांची माणसेही त्याच मोहोळात शिरतात आणि शांतपणे यादी करतात. जोडणी ज्याच्या नावावर, पत्र त्याला. मग उतरवले कोणी, घरमालकाने, पाहुण्याने की खोलीतल्या भिडूने, हे ज्याचे त्याने पाहावे. मुलगा परदेशी निघाला की आपण त्याच्याबरोबर मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी देतो, कुकर कसा लावायचा ते शिकवतो. त्या यादीत हेही असायला हवे.

कायदा सोडा. मराठी सिनेमा अजून कसाबसा तिकिटाच्या पैशावर उभा राहतो. तीन-चार आठवडे चित्रपटगृह मिळणेच ज्याला मुश्कील, त्याची प्रत दुसऱ्या दिवशी फुकट वाटण्यात कोणती बंडखोरी आहे, हे मला कधी समजलेले नाही. बड्या कंपन्यांविरुद्धचा राग समजू शकतो. पण तो बहुधा आपल्यातल्याच एखाद्या कर्ज काढून सिनेमा करणाऱ्यावर निघतो.

मात्र म्हणून तंत्रच वाईट ठरवणे म्हणजे उसाबरोबर एरंडालाही पाणी मिळते म्हणून ऊसच तोडण्यासारखे होईल. हक्काने देता-घेता येण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या कायद्यानुसार लेखक, गीतकार, संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांनी हक्काची मुदत संपते. ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आले १९११ मध्ये. खाडिलकर गेले १९४८ मध्ये, चाली बांधणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. बालगंधर्वांच्या आवाजातल्या त्यातल्या पदांच्या जुन्या तबकड्या आता कोणाच्या तिजोरीतल्या राहिलेल्या नाहीत. (तीच पदे अलीकडे कोणी गायली असतील तर त्या नव्या मुद्रणाचा हक्क अर्थातच निराळा.) अशा तबकड्या जपणारे, त्या हाताने पुसून, सुई बदलून संगणकावर उतरवणारे संग्राहक आपल्याकडे आहेत. एकाच्याच कपाटात राहिले तर एका पावसाळ्यात, एका स्थलांतरात हे सारे जाऊ शकते. पंधरा घरांत विखुरले तर जात नाही. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या ग्रंथालयाने २०१२ मध्ये आपल्या दहा लाखांहून अधिक वस्तू टोरंटने द्यायला सुरुवात केली, ती अशाच विचाराने. लिनक्स किंवा लिबरऑफिससारखी मुक्त सॉफ्टवेअरे तर स्वतःहून सांगतात, की टोरंटने घ्या आणि इतरांनाही द्या.

आणि सर्वांत निर्धोक, सर्वांत आपले असे देणे-घेणे म्हणजे कुटुंबातले. १९९० च्या दशकात झालेल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी आज माळ्यावर बुरशी धरताहेत. अशी टेप नीट, फारशी न दाबता संगणकावर घेतली, तर डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा खाते. तीन तासांचे लग्न म्हणजे ३९ जीबी. व्हॉट्सॲपने पाठवावे तर चित्र दाबून चेहरे ओळखू येईनासे होतात. ई-मेल २५ एमबीच्या आसपासच हात टेकते. ‘क्लाउड’ची फुकटची जागा संपली की दरमहा भाडे सुरू, आणि भाडे थांबले की सामान रस्त्यावर. अशा वेळी ‘सिंकथिंग’सारखे मोफत सॉफ्टवेअर तीन भावंडांच्या तीन घरांत बसवता येते. मधे कोणाचेही दुकान नाही. प्रत्येक संगणकाला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांचा क्रमांक मान्य केल्याशिवाय एक अक्षरही पुढे सरकत नाही. आणि जे जाते ते कुलूपबंद होऊन जाते. नाशिकच्या घरी फोल्डरात टाकलेला फोटो बंगळूरच्या आणि न्यू जर्सीच्या घरी आपोआप उमटतो.

इथेही एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे. ही देवाणघेवाण आहे, राखण नव्हे. एका घरी चुकून फोटो खोडला गेला तर तो तिन्ही घरांतून खोडला जातो. म्हणून ज्याच्याकडे मूळ आहे त्याने आपला फोल्डर ‘फक्त पाठवा’ असा ठेवावा, आणि इतरांनी खोडलेल्या वस्तू काही दिवस टोपलीत जपण्याची सोय चालू करावी. दोन्ही सोयी त्यात आहेत. पण मूळच्या मांडणीत त्या चालू नसतात. आणि एक प्रत कशालाच न जोडलेल्या डिस्कवर, कपाटात.

समोरासमोर बसलेल्या दोन फोनांमधली देवाणघेवाण हीसुद्धा याच जातीची. त्यासाठी आपल्याकडे घरोघरी ‘शेअरइट’ आणि ‘झेंडर’ असत. जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांत ती दोन्ही गेली. आता अँड्रॉइडवर क्विक शेअर आहे, आयफोनवर एअरड्रॉप, आणि दोघांना जोडायला लोकलसेंड. ‘मला कोण पाहू शकतो’ या प्रश्नाचे उत्तर त्यात ‘सर्व जण’ असे ठेवू नये, विशेषतः लोकलच्या डब्यात. ओळखीच्यांपुरते ठेवावे.

बिटटोरंटच्या जुन्या मोहोळांचे एक विचित्र असते. ज्या वस्तूला मागणी उरलेली नाही तिचे सीडर एकेक करून निघून जातात. मग एखाद्या दुर्मिळ ध्वनिमुद्रणाच्या मागे लागलेले चार-पाच जण ९८ टक्क्यांवर येऊन थांबतात. उरलेले पान कोणाकडेच नसते. आठवडे जातात, महिने जातात. आकडा हलत नाही आणि कोणी यादीतून ते काढूनही टाकत नाही. कधी एखाद्या सकाळी पाहावे तर आकडा शंभरावर गेलेला असतो. रात्रीतून कुठे तरी कोणी तरी आपला जुना संगणक सुरू केलेला असतो, आणि त्याच्याकडे ते पान असते.